कुत्रीचा वाटा

मला एका जागी बसवत नाही. गुडघे आता कुरकुरतात, तरी पेपर वाचता वाचता मी चार वेळा उठतो, दारापर्यंत जातो, बाहेर काही नसतं, परत येतो. सून म्हणते, तुमच्या अंगावर मुंग्या सोडल्यात का कुणी? आई म्हणायची, हा पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलाय. या उतावळेपणापायी माझी नोकरी गेली नाही की संसार मोडला नाही, त्यामुळे लोक हसण्यावारी नेतात. पण एका बाईचं आणि एका कुत्रीचं त्यापायी जे नुकसान झालं, ते मला ठाऊक आहे. तेच लिहायला बसलोय, आणि एवढ्या चार ओळींत दोनदा उठून झालं.

मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. मी मुंबईला गोदीत फिटर होतो, वय पंचविशीच्या आत. आमचं गाव खाडीपासून तीन कोस आत, म्हसळ्याच्या अंगाला. तीस-बत्तीस घरं, सगळी भातशेतीवाली. माणसं गणपतीला नाहीतर शिमग्याला गावी येतात, मी माघात यायचो. कारण माघात पारध असायची.

भात कापून झालं की आमच्याकडे त्याच ओलीवर वाल पेरतात. माघात शेंगा भरतात आणि रानडुकरं उतरतात. एका रात्रीत अख्खं शेत नांगरून ठेवतात, आणि तेही फुकट. मग गाव कुत्री घेऊन रानात शिरायचं. हाकारे एका अंगाने रान उठवत येत, कुत्री माग काढत, आणि बंदूकवाले पलीकडे वाटा अडवून बसत. त्या बसण्याच्या जागेला बारी म्हणायचं. बंदुका गावात चार, त्यातली एक ठासणीची आमची. वडिलांचे गुडघे गेल्यापासून ती माझ्या हातात आली होती.

शिकार मिळाली की वाटे पडायचे. देवाचा वाटा आधी, मग ज्याच्या गोळीने पडलं त्याला मुंडी आणि मागच्या पायाचा एक फरा, आणि उरलेल्याचे सारखे वाटे. हाक्याला आलेल्या प्रत्येक गड्याला एक आणि रानात उतरलेल्या प्रत्येक कुत्र्याला एक. कुत्र्याचा वाटा माणसाच्या वाट्याएवढाच. तो मालकाच्या घरी जायचा, पण हाक कुत्र्याच्या नावाने व्हायची.

आमच्या शेजारच्या घरात माझी काकी एकटी राहायची. काका पटकीने गेला तेव्हा ती तिशीचीही नव्हती. मूलबाळ नाही, तिने दुसरा घरोबा केला नाही, आपली दोन शेतं बटाईने न देता स्वतः राबून करायची. ज्या घरात पुरुष नाही त्या घराला पारधीचा वाटा नाही, गावकीत बोलावणं नाही, असा रिवाज. पण काकाच्या कुत्रीला पिल्लं झाली तेव्हा काकीने एक तांबडी मादी ठेवून घेतली, आणि ती तांबडी अशी निघाली की पाटलांच्या काळ्या कुत्र्याखालोखाल गावात तिचंच नाव. त्यामुळे देवळापुढे वाटे मांडले की पाटील एकेक घर पुकारत शेवटी म्हणायचे, "तांबडीचा वाटा!" आणि काकी डोक्यावर पदर घेऊन, हातात टोपली घेऊन, सगळ्या पुरुषांमधून सरळ चालत जायची. वाटा उचलायची, घरी आणायची, आणि पहिला तुकडा चुलीवर चढायच्या आधी तांबडीपुढे ठेवायची.

मटणाला ती हपापलेली नव्हती. वर्षातून एक-दोनदा का होईना, तिचं घर गावात मोजलं जायचं, आणि ते त्या कुत्रीमुळे. हे तेव्हा मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. चांगलं कळत होतं.

या रिवाजात एक काटा होता. पारधीच्या दिवशी विधवेने कुत्रं हाताने धरून वेशीबाहेर न्यायचं नाही. कुणी तरी गडी अंगणात येऊन दोर हातात घेणार आणि कुत्रीला नेणार. असले नियम कुणी केले कोण जाणे. करणाऱ्याला एकदा काकीसारखं बारा महिने राबवायला हवं होतं. पण नियम होता, आणि पुतण्या म्हणून तांबडीला आणायचं काम माझं होतं.

त्या वर्षी मला सहा दिवसांची रजा मिळाली. त्यातले दोन आगबोटीच्या येण्याजाण्यात जायचे, बोट चुकली तर तीन. गावी पोचलो त्याच संध्याकाळी मी बंदूक उतरवून घासायला घेतली. पोरांनी शेतात पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, वर आग. अर्धा तास थांबायचं असतं. मी तीनदा उठलो, चौथ्यांदा मडकं उघडलं. शेंगा अर्ध्या कच्च्या. सगळे माझ्यावर तुटून पडले. "अरं फिटर, मडकं हाय ते, बॉयलर न्हाय!" असं एकाने म्हटलं आणि मी परत जाईपर्यंत मला तेच नाव पडलं.

पारधीला निघायच्या आधी देवाचा कौल घ्यावा लागे. आमचा गावदेव म्हणजे आंब्याखाली, गवती छपरात उभा असलेला कमरेएवढा दगड. गुरव त्याला आंघोळ घालायचा आणि तगरीच्या ओल्या पाकळ्या त्याच्या दोन्ही खांद्यांना चिकटवून गाऱ्हाणं घालायचा. उजवी पाकळी आधी पडली तर जा, डावी पडली तर घरी बसा. पहिल्या दिवशी सगळा गाव कुत्री घेऊन जमला, आणि डावी पडली. दुसऱ्या दिवशी पाकळ्या इतका वेळ चिकटून राहिल्या की कुत्री आपसात भांडायला लागली, आणि मग परत डावीच पडली. लोकांनी मान डोलावली आणि विळे-कोयते घेऊन कामाला गेले. त्यांना काय, उद्या नाही तर परवा. माझी रजा मात्र मुठीतल्या पाण्यासारखी चालली होती. आणखी एक दिवस हातात होता, त्याच्या दुसऱ्या दिवशी बंदर गाठून बोट धरायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अंगणात येरझाऱ्या घालत होतो. काकी कुंपणापलीकडून म्हणाली, "बस रं जरा. माझी तांबडी बग कशी गपचिप बसलीया." तांबडी खरंच पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून बसली होती. पण तिचे कान रानाकडे होते.

तिसऱ्या दिवशी झुंजुमुंजू झालं तसा मी उठलो. बंदुकीला लावायचं खोबरेल कोनाड्यात होतं. त्यात दोन बोटं बुडवली आणि देवळाकडे गेलो. देवळाला ना दार ना कुलूप. देवाच्या उजव्या खांद्यावर मी ती दोन बोटं पुसली. पाण्याने तेल जात नाही, ओली पाकळी तेलावर ठरत नाही. यंत्राला वंगण घालणं हे माझं रोजचंच काम. देवाला हात लावताना भीती वाटली का, असं कुणी विचारलं तर खरं सांगतो, नाही वाटली. वाटली ती नंतर, माणसांची. मी मागे वळतो तर समोरच्या पायवाटेने गुरव कळशी घेऊन येत होता. इतक्या पहाटे हा इथे काय करतोय, असं त्याने विचारलं असतं. चोराच्या मनात चांदणं. मी देवळामागच्या ओहोळात उतरलो आणि वालाच्या शेतांतून लांबचा वळसा घालून घराकडे निघालो.

त्या वळशात वेळ गेला. उजाडलं. गावातली कुत्री एकेक करून देवळाकडे निघाली, भुंकायला लागली. तांबडीने दोराला हिसके देऊन खुंटा हलवला. काकीने माझी वाट पाहिली, आमच्या ओसरीवर डोकावून पाहिलं, मी नाही. शेवटी तिने दोर सोडला आणि तांबडीला घेऊन, खरं तर तांबडीच्या मागे ओढली जात, वेशीच्या दगडापर्यंत आली. देऊळ वेशीपलीकडे होतं. मी शेतातून धापा टाकत पोचलो तेव्हा काकी दगडाच्या एक पाऊल पलीकडे उभी होती. बाजूच्या विहिरीवर तीन-चार बायका पाणी भरत होत्या.

"कुटं व्हतास?" काकी म्हणाली.

"डोळा लागला परत," मी म्हणालो आणि दोर हातात घेतला.

तिने माझ्या भिजलेल्या पायांकडे पाहिलं. मग माघारी फिरली.

देवळापुढे गुरवाने गाऱ्हाणं घातलं. डावी पाकळी लावली, उजवी लावली, आणि त्याचा हात पुरता निघायच्या आत उजवी घसरून खाली. गुरव स्वतःच दचकला. मग एकच हशा झाला. पाटील म्हणाले, "देवालाबी आज बोट गाठायची दिसतीया!" सगळ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या दिल्या. मीही हसलो.

माझी बारी एका घळीच्या तोंडाशी होती. बारीवर बसायचं म्हणजे झुडूप होऊन बसायचं. हलायचं नाही, खोकायचं नाही, डास बसला तर बसू द्यायचा. आधी बराच वेळ काही नाही. मग लांबून हाकाऱ्यांचे डबे आणि आरोळ्या. आणि मग कुत्र्यांचे आवाज. गावातला माणूस डोळे मिटून सांगतो, कुठलं कुत्रं कुणाचं. पाटलांच्या काळ्याचा आवाज खोल, घागरीतून यावा तसा. तांबडीचा तुटक. एक, एक, मग लागोपाठ दोन. ती उगाच भुंकत नसे. माग खरा असला तरच तोंड उघडायची. त्या दिवशी तिने तोंड उघडलं आणि मला कळलं, ती माझ्याकडे घेऊन येतेय.

आवाज टेकडीवर चढला, पलीकडे उतरला, बंद झाला. परत आला, जवळून. एक, एक, दोन. घळीत पाचोळा वाजायला लागला. वडिलांनी शंभरदा सांगितलं होतं, डुक्कर घळीतून बाहेर येऊन आडवं होऊ दे, मग चाप ओढ. तोवर दगड हो. आणि मी काय केलं? उभा राहिलो. बघायला. किती जवळ आलंय ते बघायला! एवढं मोठं सुळेवालं धूड वीस पावलांवर थबकलं, त्याने मला पाहिलं, मी त्याला, आणि मी तिथूनच बार काढला. धूर विरला तेव्हा समोर काही नव्हतं. डुक्कर उलटं फिरून घळीत, मागून येणाऱ्या कुत्र्यांवर गेलं होतं.

काळा सगळ्यांत पुढे होता. त्याचं पोट फाटलं. तांबडीने डुकराला मागून धरून फिरवलं म्हणून बाकीची कुत्री वाचली. डुक्कर गेलं. पाटलांनी काळ्याला आपल्या घोंगडीत घेतलं आणि स्वतः उचलून चालू लागले. वेशीपाशी तो मेला. पाटील मोठा ताठ गडी, पण त्या दगडावर बसून त्यांनी घोंगडीत तोंड घातलं, आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघत उभे राहिलो.

मला वाटलं, आता माझी खैर नाही. नेम चुकला, बारी मोडली, काळा गेला, सगळं माझ्यामुळे. पण मला कुणी शब्दाने बोललं नाही. आमच्या गावचा हिशेब सरळ होता. देवाने उजवी दिली, तीही हात निघायच्या आत दिली. मग नेम चुकतोच कसा? बंदूकवाल्याचा दोष नाही. कुठे तरी चूक झालीय आणि देवाने दिलेलं परत घेतलंय. ती चूक शोधायची.

दिवस मावळायच्या आत गावकी देवळापुढे बसली. चूक शोधायला वेळ लागला नाही. विहिरीवरच्या बायकांनी पाहिलं होतं. काकीला बोलावणं गेलं. इतक्या वर्षांत तिला गावकीत बोलावलं ते असं. ती आली, छपराच्या खांबापाशी उभी राहिली.

"तांबडीला वेशीभाईर तू आनलीस?" पाटलांनी विचारलं. त्यांच्या धोतरावर अजून रक्त होतं.

"व्हय. मीच आनली."

"न्यायला कुनी यायचं व्हतं?"

काकीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "येनारा येत व्हता," ती म्हणाली. "माझीच घाई झाली. कुत्री वढत व्हती."

घाई! माझ्या आयुष्यभराचं व्यसन ते, आणि तिने ते सहज आपल्या पदरात बांधून घेतलं. आत्ता बोल, मी मनात म्हटलं. आणि मी उठलो. खरंच उठलो. सगळ्यांनी माना वर करून माझ्याकडे पाहिलं, गुरवाने, पाटलांनी, वडिलांनी. आणि मी म्हणालो, "मला उद्या पहाटे निघायचंय. सामान बांधायचंय." एवढं बोलून मी चालू लागलो. चपला घालायला विसरलो, परत आलो, चपला घेतल्या, गेलो.

तांबडीला यापुढे पारधीत आणायचं नाही आणि तिचा वाटा बंद, असं ठरलं ते मला दुसऱ्या दिवशी बंदरावर पोचवायला आलेल्या गड्याने सांगितलं. आगबोट उशिरा आली. मी धक्क्यावर एवढ्या फेऱ्या मारल्या की एका तांडेलाने मला विचारलं, बाबा, मुंबईला तू चालतच जाणार आहेस का?

वर्षभर गोदीत मी रोज एकदा तरी ठरवायचो की पत्र लिहू. पण पत्र वडिलांना येणार, वाचून दाखवणार मराठी शाळेचा मास्तर, ऐकणार सगळी आळी. ते धाडस झालं नाही. समोर जाऊन सांगू, असं म्हणून मी पुढच्या माघात परत रजा काढली.

काकीच्या अंगणात पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा दिसलं ते रिंगण. खुंट्याभोवती दोराच्या लांबीएवढं, बैलाच्या मळणीच्या खळ्यासारखं, तांबडीने चालून चालून जमीन खरवडली होती. आता ती बसत नव्हती. रानाच्या बाजूला कुठे कुत्रं भुंकलं की ही गोल फिरायला लागायची, दोर खुंट्याला गुंडाळत आखूड व्हायचा, मग उलटी फिरायची. माझं मन तिथे ठरेना. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो तर ती माझ्याभोवतीच फिरू लागली.

"रातभर असंच," काकी म्हणाली. "मला झोप न्हाय, तिला न्हाय." मग हसून म्हणाली, "तुझ्यावर गेलीया."

त्या वर्षी मी देवाच्या वाटेला गेलो नाही. पहिल्याच दिवशी, कुणी काही न करता, उजवी पडली. बारीवर मला पार कडेला बसवलं आणि मी मुकाट्याने बसलो. रान उठलं, कुत्री भुंकायला लागली. पाटलांचं नवं कुत्रं अजून कच्चं होतं, माग सोडून भलतीकडेच बोंबलत होतं. डुक्कर रानातच घुमत राहिलं. पारध फुकट जाणार असं दिसायला लागलं, आणि तेवढ्यात मला तो आवाज आला. एक, एक, लागोपाठ दोन.

तिने दोर तोडला होता. गळ्यात हातभर तुकडा लोंबत होता. बोलावणं नसताना ती रानात उतरली आणि तिने एकटीने डुक्कर काढलं. पाटलांच्या बारीपुढे आडवं आणून उभं केलं. पाटलांनी एका गोळीत पाडलं.

परतताना तांबडी सगळ्यांच्या पुढे होती, तोंड रक्ताने माखलेलं, शेपूट वर, नेहमी चालायची तशी. काकी अंगणात कुंपणाला धरून उभी होती. तिने कुत्रीला पाहिलं, मग मागून येणाऱ्या तीस-चाळीस माणसांना पाहिलं. सगळे थांबले होते. ही सोडलीस तू? असं कुणी बोललं नाही, पण तेच सगळ्यांच्या तोंडावर होतं. गावकीचा शब्द मोडला तर पुढे काय, हे काकीला ठाऊक होतं. पाणवठा बंद झाला असता.

तिने खुंट्याचा तुटका दोर उपसला, दुहेरी केला आणि तांबडीला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. मारत राहिली. तांबडी पळाली नाही, चावली नाही, तोंडातून आवाज काढला नाही. जमिनीला पोट लावून पडली आणि काकीकडे बघत राहिली. मला वाटलं आता थांबेल, आता थांबेल. शेवटी पाटीलच म्हणाले, "बास कर गं. तिनं तोडला दोर, दिसतंय आमाला."

देवळापुढे केळीच्या पानांवर वाटे पडले. घरं पुकारली गेली. शेवटचं घर झालं आणि पाटलांनी क्षणभर तोंड उघडून परत मिटलं. मी माझा वाटा उचलला आणि तडक काकीकडे गेलो. ती चुलीपुढे बसली होती, चूल पेटलेली नव्हती.

"हा घे," मी म्हणालो. "तांबडीचाच हाय हा. तिच्यामुळंच पडलं."

"तुझा वाटा तू खा," ती म्हणाली. "माझा म्हंजे माझ्या कुत्रीचा. तो न्हाय पडला. मंग न्हाय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. ती समोर होती, मी समोर होतो, मध्ये कुणी नव्हतं. पण अंगणात तांबडी पडलेली दिसत होती, आणि मला वाटलं, आता सांगितलं तर ही माझं तोंड पाहणार नाही. मी पान तसंच उचललं आणि बाहेर पडलो. भ्याडपणाला दुसरं नाव मला सापडलेलं नाही.

त्या दिवसानंतर तांबडीला बांधावं लागलं नाही. रानात कुत्री भुंकली तरी ती उठत नसे. नुसती कान हलवायची, आणि मग तेही बंद झालं. पावसाळ्यात रिंगणावर गवत उगवलं. हे मला वडिलांकडून कळलं. कारण मी माघात यायचं सोडलं, गणपतीला येऊ लागलो, चारचौघांसारखा.

सात-आठ वर्षं गेली. माझं लग्न झालं, दोन मुलं झाली. वडील गेले, गुरव गेला, पाटलांना दिसेनासं झालं. तांबडी कधीच म्हातारी होऊन मेली होती. काकीने तिला शेताच्या बांधाला पुरलं, असं आई म्हणाली. वडिलांच्या वर्षश्राद्धाला मी गेलो तेव्हा नेमका माघ होता. दुपारी काकीच्या ओसरीवर गेलो. ती सुपात वालाच्या शेंगा घेऊन सोलत बसली होती. दाणा नेमका टोपलीत पडत होता. खुंटीला तो तुटका दोर अजून अडकवलेला होता.

"बस," ती म्हणाली. "का निगालास लगेच?"

मी बसलो. आणि सांगितलं. पहाटेचं उठणं, देऊळ, दोन बोटं, गुरवाची कळशी, ओहोळातून घातलेला वळसा. झोप नव्हती लागली, हेही सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर सगळं भराभर तोंडातून पडलं. ती शेंगा सोलत होती. मला आतून हलकं वाटत होतं, हे कबूल करतो. इतक्या वर्षांचं ओझं उतरतंय असं वाटत होतं. आता ती रडेल, शिव्या देईल, नाहीतर माझ्या डोक्यावर हात ठेवेल. तिन्हींची माझी तयारी होती.

"तेल कंचं?" तिने विचारलं.

"खोबरेल. बंदुकीचं."

तिचे हात थांबले. "म्हंजे उजवी देवानं न्हाय दिली."

"न्हाय."

"मंग माझ्यामुळं काय बिगडलं न्हाय."

"न्हाय काकी. तुझी काय बी चूक नव्हती."

ती माझ्याकडे पाहत नव्हती. अंगणात जिथे खुंटा होता तिथे पाहत होती. तिथे आता शेणाने सारवलेलं होतं आणि एक कोंबडी माती उकरत होती. मग इतक्या हलक्या आवाजात बोलली की मला पुढे वाकावं लागलं.

"मंग मी तिला उगाच मारली."

तुझा नाइलाज होता, गाव बघत होतं, असं काहीबाही मी बोललो असेन. तिने ते ऐकलं की नाही ठाऊक नाही. ती परत शेंगा सोलायला लागली. मला उठवेना. आयुष्यात पहिल्यांदा मी एका जागी बसून राहिलो, उन्हं ओसरीवरून अंगणात उतरेपर्यंत. शेवटी निदान चार शेंगा सोलाव्यात म्हणून मी सुपाकडे हात नेला.

तिने सूप आपल्याकडे ओढून घेतलं.